ऑटोमॅटिक घड्याळ सोमवारी का थांबतं, आणि आत काय खडखडतं?

माझ्या भाच्याने पहिल्या काही पगारांतून साठवून एक ऑटोमॅटिक घड्याळ घेतलं. पाठीला काच आणि काचेतून आतलं सगळं यंत्र दिसणारं. पहिला आठवडा त्याने ते सगळ्यांना पालथं करूनच दाखवलं. किती वाजले असं विचारलं तरी आधी पाठ, मग तोंड. दुसऱ्या सोमवारी सकाळी सात वाजता मला फोन आला.

"मामा, घड्याळ बंद पडलंय की ओ. सेल गेला काय बघा जरा. आणि आत कायतरी सुटलंय, हलवलं की खडखडतंय."

त्यात सेल नव्हताच, तर जाणार कुठून? आणि सुटलेलंही काही नव्हतं. पण हा घोळ त्याच्या एकट्याचा नाही. दहा-वीस हजारांच्या घरात चांगली ऑटोमॅटिक घड्याळं मिळू लागल्यापासून बेळगावच्या टिळकवाडीपासून निपाणीपर्यंत कितीतरी पोरांच्या मनगटावर ती दिसतात. ही पोरं सेलच्या घड्याळावर वाढलेली. त्यांना किल्ली देणं, म्हणजे घड्याळाच्या कडेची ती बारीक गुंडी फिरवून ते भरणं, माहीत नाही. ज्यांना माहीत आहे ते आजोबा सांगतात, "रोज सकाळी घट्ट होईपर्यंत किल्ली द्यायची." या घड्याळाला तेही लागू नाही. म्हणजे तरुणाचं चुकतं आणि म्हाताऱ्याचंही चुकतं.

मी घड्याळजी नाही. उद्यमबागेत लेथवर आयुष्य गेलं, त्यामुळे दाते, स्प्रिंगा आणि मशीनचे आवाज एवढी ओळख आहे. भाच्याला चार संध्याकाळी बसवून जे सांगितलं तेच इथे लिहितो.

## टाकी, नळ आणि मोटर

बेळगावात राहणाऱ्याला पाण्याच्या टाकीबद्दल शिकवायला नको. पाणी सुटलं की मोटर लावायची, गच्चीवरची टाकी भरून घ्यायची आणि पुढचं पाणी येईपर्यंत ती पुरवायची. किल्लीचं घड्याळ याच हिशेबावर चालतं.

टाकी म्हणजे स्प्रिंग. लांब, पातळ पोलादी पट्टी एका चपट्या गोल डबीत गुंडाळून बसवलेली असते. जुने घड्याळजी तिला कमान म्हणतात. ती आवळली की तिच्यात ताकद साठते, आणि उलगडता उलगडता ती दातेरी चाकं फिरवते. मोकळी सोडली तर सगळी ताकद काही सेकंदांत वाहून जाईल. म्हणून पुढे नळ बसवलेला असतो. हा नळ म्हणजे एक छोटं चाक, बॅलन्स. केसासारख्या बारीक दुसऱ्या एका स्प्रिंगच्या जोरावर ते झोपाळ्यासारखं इकडून तिकडे झुलत राहतं. प्रत्येक झोक्याला ते चाकांच्या रांगेला एक पाऊल पुढे जाऊ देतं आणि लगेच अडवतं. जाऊ दे, अडव. जाऊ दे, अडव. नळातून थेंब थेंब पाणी सुटावं तशी ताकद सुटते. टिकटिक ऐकू येते ती या अडवण्याची.

राहिली मोटर. माझ्या वडिलांच्या घड्याळात मोटर म्हणजे त्यांचा अंगठा आणि तर्जनी. एचएमटीचं घड्याळ होतं, आपल्याच कर्नाटकातलं. जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने 1961 साली बेंगळुरूत तो कारखाना सुरू झाला. एचएमटी वॉचेस ही कंपनी बंद करायला केंद्र सरकारने 2016 मध्ये मंजुरी दिली, तोवर आमच्या अख्ख्या पिढीच्या हातावर तेच नाव होतं. सकाळी रेडिओवर बातम्या लागल्या की वडील घड्याळ कानाशी नेऊन किल्ली द्यायचे. बातम्या संपायच्या आत टाकी भरलेली.

ऑटोमॅटिकमध्ये बोटांच्या जागी एक वजन असतं. त्याला रोटर म्हणतात. पाठीच्या काचेतून दिसणारी ती अर्धचंद्राची पाटी म्हणजे रोटर. मधोमध खिळीवर बसवलेली, पण सगळा जडपणा एकाच बाजूच्या कडेला. पाण्याने भरलेली बादली कडीला धरा आणि हात कसाही वळवा, बूड खालीच राहतं. रोटरचं तेच. मनगट वळतं, वजन खालीच राहू पाहतं. घड्याळाच्या आतून बघाल तर वजन फिरलं. त्या फिरण्याने काही चाकं हलतात आणि कमान थोडी आवळली जाते. थोडी म्हणजे अगदी थोडी, कारण मधे वेग कमी करून जोर वाढवणारी चाकं आहेत. लेथचा बॅक गिअर ज्यांनी टाकलाय त्यांना हे लगेच कळेल: रोटर कितीतरी वेळा फिरावा तेव्हा डबी एक फेरी फिरते.

तेव्हा ऑटोमॅटिक म्हणजे आपोआप चालणारं असं समजू नका. आपोआप भरणारं म्हणा, आणि तेही तुम्ही हललात तर. मोटर घड्याळाची आहे, करंट तुमच्या हाताचा.

कल्पना जुनी आहे. अब्राहम-लुई पेरले या स्विस कारागिराचं नाव 1770 च्या दशकातल्या आपोआप भरणाऱ्या खिशातल्या घड्याळासाठी घेतलं जातं. पण खिशातलं घड्याळ हलतं किती? मनगटावरच्या घड्याळात हे बसवलं जॉन हारवुड या इंग्रज घड्याळजीने. त्याला 1924 साली स्विस पेटंट मिळालं. त्याच्या मनात आळशी माणसांची सोय नव्हती. किल्लीच्या भोकातून धूळ आणि ओल आत जाते, तर ती किल्लीच काढून टाकू, असा त्याचा हिशेब. खानापूरच्या पावसात आणि आपल्या तांबड्या धुळीत राहणाऱ्याला तो माणूस लगेच पटेल. पूर्ण गोल फिरणारा रोटर रोलेक्सने 1931 मध्ये आणला आणि आजची बहुतेक घड्याळं त्याच वाटेची आहेत.

## मग सोमवारी का थांबलं?

भाच्याच्या घड्याळाच्या कागदावर 41 तासांचा साठा लिहिला होता. म्हणजे टाकी काठोकाठ भरली आणि घड्याळ काढून ठेवलं, तर ते 41 तास चालेल. त्याने ते शनिवारी रात्री आठ वाजता काढून कपाटात ठेवलं होतं. रविवार चप्पल घालून चहाला जाण्यात गेला. काटे थांबले होते तीन वाजून पन्नास मिनिटांवर.

इथे जरा आकडेमोड करू. शनिवारी रात्री आठ ते रविवारी रात्री आठ, चोवीस तास. पुढे पहाटे तीन पन्नासपर्यंत जवळजवळ आठ. एकूण बत्तीस तासांच्या आसपास. एक्केचाळीस मिळायला हवे होते, नऊ कमी पडले. याचा सरळ अर्थ, शनिवारी घड्याळ काढलं तेव्हाच टाकी पाऊण होती.

का? कारण पोरगा दिवसभर कॉम्प्युटरसमोर ड्रॉइंग काढतो. उजवा हात माउसवर, घड्याळाचा डावा हात टेबलावर पाटीसारखा पडलेला. तो दमतो डोक्याने, आणि रोटरला डोक्याचा काही उपयोग नाही. त्याची आई, माझी बहीण, हेच घड्याळ घालून सकाळचा स्वयंपाक करील तर नुसत्या भाकऱ्या थापून निम्मी टाकी भरील.

तुमचं घड्याळही असंच मधे थांबत असेल तर आधी हा प्रयोग करा. किल्लीने पूर्ण भरा, वेळ लिहून ठेवा, हात न लावता पडू द्या आणि किती तासांनी थांबतं बघा. कागदावरच्या आकड्याच्या जवळपास आलं तर घड्याळ ठणठणीत आहे, कमी हलताय तुम्ही. फारच आधी थांबलं तर दुरुस्तीवाल्याकडे जायचं. वीस तासांत थांबलेलं घड्याळ घेऊन दुकानदाराशी भांडता येतं, बत्तीस तासांवाल्याने स्वतःशी भांडावं.

सगळ्या घड्याळांचा साठा सारखा नसतो. चाळीस तासांच्या मागेपुढे बऱ्याच घड्याळांचा असतो. काही नव्या यंत्रांचा 80 तासांपर्यंत जातो, ती शुक्रवारी संध्याकाळी काढून ठेवली तरी सोमवारी चालू सापडतात.

## "मग गदागदा हलवू काय?"

नको. थांबलेलं ऑटोमॅटिक घड्याळ हातात घेऊन खोकल्याच्या बाटलीसारखं हलवायची सवय सगळ्यांनाच लागते. त्याने ते चालू होतं हे खरं. पण दोन मिनिटं हलवून टाकीच्या बुडाला पाणी लागतं, इतकंच. वरून सेकंदाचा काटा पळताना दिसतो म्हणून आपण खूश होतो आणि घड्याळ हातात घालून निघतो. अशा अर्धपोटी घड्याळाची वेळ नीट लागत नाही, कारण कमान सैल असली की बॅलन्सचा झोका आखूड होतो. भरलेल्या, निरोगी घड्याळात तो झोका साधारण 270 ते 300 अंशांचा असतो. उपाशी असताना तो खाली येतो आणि मग बारीकसारीक धक्क्यांनीही वेळ मागेपुढे होते.

बरोबर पद्धत अशी. थांबलेल्या घड्याळाला आधी किल्लीने भरायचं: वीस ते तीस पूर्ण फेरे, सावकाश, बारापासून तीनकडे काटा जातो त्या दिशेने. बोटांनी एका वेळी अर्धाच फेरा होतो हे धरून मोजा. मग वेळ लावायची, मग हातात घालायचं. किल्ली आटे पाडून घट्ट बसवलेली असेल तर आधी सोडवावी लागते, आणि काम झाल्यावर पुन्हा आवळायची. ती मोकळी ठेवून पावसात जाणारे महाभाग मी पाहिलेत.

एक अपवाद. काही यंत्रांना हाताने किल्ली देताच येत नाही. सेइकोचं 7एस26 हे गाजलेलं यंत्र तसंच. किल्ली कितीही फिरवा, कमानीला पत्ता नाही. ते घड्याळ आडवं धरून हलक्या हाताने गोल गोल फिरवायचं, परातीत तांदळाचे खडे बघताना फिरवतो तसं. गदागदा तिथेही नको.

## "जास्त किल्ली दिली तर कमान तुटेल ना?"

हा प्रश्न वडिलांच्या पिढीचा आणि तो रास्त आहे. त्यांच्या घड्याळात कमानीचं बाहेरचं टोक डबीच्या भिंतीला पक्कं अडकवलेलं असायचं. भरत आली की किल्ली जड व्हायची आणि मग अडायची. तिथे थांबायचं. जोर केला तर काहीतरी मोडणार. "घट्ट होईपर्यंत" हा नियम तिथला.

ऑटोमॅटिकमध्ये तो नियम ठेवला असता तर पंचाईत झाली असती. टाकी भरली तरी हात काही हलायचा थांबत नाही, रोटर भरतच राहणार. मग कमान तुटायची नाही तर रोटर अडायचा. म्हणून इथे कमानीचं बाहेरचं टोक भिंतीला अडकवलेलं नसतं, नुसतं दाबून धरलेलं असतं. ताण हद्दीबाहेर गेला की ते टोक भिंतीवरून थोडं घसरतं आणि पुन्हा धरतं.

टाकीच्या भाषेत सांगायचं तर ही ओव्हरफ्लोची पाइप. आमच्या गल्लीत कुणाची टाकी भरून वाहायला लागली की शेजारीण वरून ओरडते, "ओ काकू, मोटर बंद करा की!" घड्याळातली काकू ओरडत नाही. अगदी शांत खोलीत, भरलेल्या घड्याळाला आणखी किल्ली देताना कधीकधी एक मऊ 'टक्' ऐकू येतो किंवा बोटांना हलकासा झटका जाणवतो, एवढंच.

यातून एक अडचण निघते. ऑटोमॅटिकला "भरलं" हे बोटांना कळत नाही, कारण किल्ली अडतच नाही. म्हणूनच फेरे मोजायचे. चाळीस दिले तरी बिघडत नाही, पण रोज सकाळी बातम्यांबरोबर चाळीस देत बसू नका. किल्लीच्या बाजूची बारीक चाकं अधूनमधून वापरायला केलेली असतात, रोजच्या कामाला रोटर आहे. घड्याळ थांबलं, किंवा दोन दिवस घातलं नाही, तर द्या. भाच्यासारखं बैठं काम असेल तर रविवारी रात्री पंधरा-वीस फेरे द्यायला माझी हरकत नाही. त्याला मी तेच सांगितलं.

किल्ली उलट फिरवली तर? काही होत नाही. रॅचेट पाना उलट फिरवल्यासारखं नुसतं कटकट वाजतं.

घड्याळ फिरवत ठेवणाऱ्या विजेवरच्या पेट्या मिळतात. दहा घड्याळं असलेल्या माणसाची ती हौस आहे. एका घड्याळासाठी पेटी घेणं म्हणजे एका म्हशीसाठी डेअरी काढणं.

## आता खडखडाट

वडगाव-खासबागच्या विणकर घरात वाढलेल्या माणसाला हे फार सांगावं लागत नाही. पॉवरलूम चालू असताना बाहेरच्याला नुसता गोंगाट ऐकू येतो. घरातली बाई मात्र स्वयंपाकघरातून भाकरी थापता थापता सांगते, "दोन नंबरचा माग बघा, धोटा नीट जाईना." माग वाजणारच, ती ऐकत असते ती त्यातला बदल. घड्याळाचंही तेच. ऑटोमॅटिक घड्याळाला आवाज असतो, आणि तो सेलच्या घड्याळापेक्षा वेगळा असतो. भाच्याला जो खडखडाट वाटला तो माग नीट चालल्याचा आवाज होता.

पहिला आवाज टिकटिकीचा. सेलचं घड्याळ सेकंदाला एकदा टिकतं. यांत्रिक घड्याळ तासाला 21,600 ठोके देत असेल तर सेकंदाला सहा होतात, 28,800 असतील तर आठ. जुनी बरीच किल्लीची घड्याळं तासाला 18,000, म्हणजे सेकंदाला पाच. म्हणूनच सेकंदाचा काटा उड्या न मारता सरकल्यासारखा दिसतो. सेकंदाला सहाच्या हिशेबाने दिवसाला 5,18,400 ठोके झाले. रात्री हे घड्याळ लाकडी टेबलावर ठेवलं की आवाज एकदम मोठा होतो आणि माणूस घाबरतो. घड्याळ तेच असतं, टेबल तंबोऱ्याच्या भोपळ्याचं काम करतं. खाली घडी घातलेला रुमाल ठेवा.

दुसरा आवाज रोटरचा, आणि सगळी गंमत इथेच आहे. हात हलवला की सुर्रर्र असं काहीतरी फिरल्यासारखं, कधी मनगटाला थरथर जाणवेल इतकं. हे घड्याळाच्या जातीवर आहे. काही यंत्रांत रोटर दोन्ही बाजूंना फिरताना कमान भरतो. सेइकोने 1959 मध्ये यासाठी दोन नखांचा एक साधा तरफासारखा तुकडा काढला. रोटर कुठेही फिरो, एक नख ढकलतं तेव्हा दुसरं मागे येतं, मग दुसरं ओढतं. अशा घड्याळात रोटरवर सारखं काम असतं, त्यामुळे तो भरधाव सुटत नाही आणि आवाजही दबका येतो. काही यंत्रांत मात्र रोटर एकाच बाजूने भरतो आणि उलट बाजूला मोकळा फिरतो. सिटिझनच्या घराण्यातलं मियोटा 8215 हे यंत्र तसं आहे आणि ते जगभर कितीतरी कंपन्यांच्या घड्याळांत बसवलेलं सापडतं.

सायकल आठवा. पेडल मारताना चाकावर भार असतो. पेडल थांबवून उतारावर सोडली की फ्रीव्हील टिरटिर वाजतं आणि चाक मस्त पळतं. एकतर्फी रोटरचं तेच होतं. रिकाम्या बाजूला त्याला अडवायला काही नसतं, म्हणून तो तीन-चार फेरे गरगरतो आणि ते ऐकू येतं. भाच्याचं घड्याळ याच जातीचं निघालं. काचेतून बघायला सांगितलं: एका बाजूला फिरताना रोटर जड, जरा अडखळत, दुसऱ्या बाजूला भिंगरी. दोन्हीकडून भरणारं चांगलं आणि एकीकडून भरणारं हलकं, असंही नाही. एकतर्फी रोटरची नावाजलेली महागडी यंत्रंही आहेत.

तिसरा आवाज किल्ली देतानाचा, बारीक कर्रर्र. ही रॅचेटची दाती. कमान आवळली की ती उलट सुटू नये म्हणून प्रत्येक दात्यावर एक खुट्टी पडत जाते. विहिरीवरच्या रहाटाला मागे न जाऊ देणारी खुट्टी असायची तशीच. हा आवाज एकसारखा हवा. वडील किल्ली देताना घड्याळ कानाशी का धरायचे ते मला लेथवर दहा वर्षं काढल्यावर कळलं. गिअरचा एक दात गेला की त्या लयीत एक जागा चुकते आणि ती डोळ्यांआधी कानाला सापडते.

ज्या आवाजांनी काळजी करावी ते वेगळे आहेत. धातूवर धातू घासल्यासारखा खरखरीत आवाज आणि काचेच्या कडेला ओरखडा दिसतोय, तर रोटरचा मधला स्क्रू सैल झालाय किंवा बेअरिंग झिजलंय आणि पाटी डुलून पाठीला लागतेय. एखादा कण आत वाजल्यासारखा सुटा 'टिण्' ऐकू आला तर घड्याळ घालणं ताबडतोब बंद, कारण सुटलेला स्क्रू चाकांत गेला की मोठं काम निघतं. आणि किल्ली देताना पाठीचा रोटर पंख्यासारखा गरागरा फिरायला लागला, तर भरण्याची चाकं अडकून बसलीयत, तेल वाळलंय. तशात किल्ली देणं थांबवा.

## "पण हातोडा मारताना, गाडी चालवताना चालतं काय?"

गाडी चालवताना खुशाल घाला. आपल्या रस्त्यांचे खड्डे माणसाच्या मणक्याला लागतात, घड्याळाला फारसे लागत नाहीत. हातोडा, कुदळ, ड्रिल, क्रिकेट ही गोष्ट वेगळी. तिथे एकामागून एक झटके बसतात आणि रोटर जड असल्यामुळे त्याच्या खिळीवर मार येतो. बांधावर कुदळ घेऊन जाताना ऑटोमॅटिक घरी ठेवा. आमच्या शॉपमध्ये हँड ग्राइंडर धरणाऱ्याने तर नक्कीच.

त्याहून मोठा शत्रू आमच्याच शॉपमध्ये बसलाय: सरफेस ग्राइंडरचा मॅग्नेटिक चक, म्हणजे काम चिकटवून धरणारा चुंबकी पाट. बॅलन्सची ती केसासारखी स्प्रिंग चुंबकाने भारली की तिचे वेढे एकमेकांना चिकटतात. चिकटले की ती आखूड असल्यासारखी वागते, झोके भराभर पडतात आणि घड्याळ दिवसाला काही मिनिटंसुद्धा पुढे पळू शकतं. घरात हेच काम ब्लूटूथ स्पीकर, चुंबकाचं झाकण असलेलं मोबाइलचं पाकीट आणि लॅपटॉपची कड करते. कालपर्यंत बरं चाललेलं घड्याळ आज अचानक पळायला लागलं तर आधी याचाच संशय घ्या. घड्याळजीकडे चुंबक उतरवायचं छोटं यंत्र असतं आणि दोन मिनिटांचं काम असतं.

## तारखेचा खेळ

हे थोडक्यात, पण सोडू नका. बहुतेक घड्याळांत रात्री नऊच्या सुमारापासून पहाटे तीनपर्यंत तारखेची चाकं हळूहळू एकमेकांत अडकत असतात. त्या वेळात किल्ली ओढून तारीख बदलायला गेलात तर अडकलेला दात मोडू शकतो. थांबलेल्या घड्याळात काटा नवावर आहे तो सकाळचा की रात्रीचा हे दिसत नाही, हीच खरी मेख. म्हणून आधी काटे पुढे फिरवत न्या. तारीख उडी मारील तिथे मध्यरात्र. तिथून पुढे साडेसहावर आणा, मग कालची तारीख लावा, मग पुन्हा काटे पुढे फिरवून आजची तारीख आणि आत्ताची वेळ. भाच्याने पहिल्याच सोमवारी दुपारी बाराला तारीख बदलणारं घड्याळ करून ठेवलं होतं, ते असंच सुटलं.

## "एवढे पैसे घालून रोज वीस सेकंद पुढे?"

होय. सेलच्या घड्याळातला क्वार्ट्झचा तुकडा सेकंदाला 32,768 वेळा थरथरतो. तिथे चूक महिन्याच्या सेकंदांत मोजतात. सेकंदाला सहा झोके घेणाऱ्या चाकाने त्याच्याशी बरोबरी कशी करायची? त्याची चूक दिवसाच्या सेकंदांत मोजतात. स्वित्झर्लंडमधल्या नावाजलेल्या तपासणीत पास व्हायला दिवसाला 4 सेकंद मागे ते 6 सेकंद पुढे एवढी सूट असते. आपल्या खिशाला परवडणाऱ्या घड्याळांना कंपनी यापेक्षा बरीच जास्त सूट देते. मियोटा 8215 ला दिवसाला 20 सेकंद मागे ते 40 सेकंद पुढे चालतं.

हे ऐकून भाच्याचं तोंड उतरलं. मी म्हटलं, दिवसात 86,400 सेकंद असतात. त्यातले वीस चुकले म्हणजे किती? एक मीटरच्या रॉडला पाव मिलिमीटरहून कमी. आमच्या लेथवर नवशिक्याने एवढा रॉड या मापात काढला तर मी त्याला कुंदा खायला घालीन.

एक युक्ती सांगतो. घड्याळ पडलेल्या स्थितीप्रमाणे थोडं मागेपुढे होतं, कारण झोपाळ्याच्या खिळीवरचं घर्षण बदलतं. रात्री डायल वर करून ठेवलं तर एक चाल, किल्ली वर करून उभं ठेवलं तर दुसरी. चार रात्री चार पद्धतींनी ठेवून सकाळी मोबाइलशी ताडून बघा. दिवसभरात पुढे गेलेलं रात्री मागे आणणारी एखादी बाजू बहुतेक घड्याळांत सापडते. भाच्याचं घड्याळ किल्ली खाली करून ठेवलं की सकाळी बारा सेकंद मागे येतं.

## घड्याळजीकडे गेलात तर

काही वर्षांनी तेल वाळतं आणि घड्याळ उघडून धुऊन पुन्हा तेल द्यावं लागतं. साधारण पाच वर्षांचा अंदाज धरतात. मी ठोकताळा असा ठेवतो: साठ्याचे तास कमी व्हायला लागले, की घड्याळजीकडे न्यायचं.

खडेबाजाराकडे एक म्हातारे घड्याळजी बसतात, डोळ्याला भिंग, तोंडात अर्धी मराठी अर्धी कन्नड. त्यांच्याकडे जाऊन नुसतं "खडखडतंय" म्हटलं की ते मान हलवतात, "हौद्री," आणि घड्याळ ड्रॉवरमध्ये टाकतात. त्यापेक्षा नीट सांगा. आवाज हात हलवताना येतो की किल्ली देताना? एका बाजूने की दोन्हीकडून? भरलेलं असताना किती तास चालतं? दिवसाला किती सेकंद, पुढे की मागे, आणि हे हळूहळू झालं की एका दिवसात? भाच्याने हे सगळं एका चिठ्ठीवर लिहून नेलं. त्यांनी चिठ्ठी वाचली, घड्याळ कानाशी धरून दोनदा वळवलं आणि न उघडताच परत दिलं.